अर्धा गुडघा बदलल्यावर परत खो-खोच्या मैदानावर: धाराशिवच्या एका क्रीडा शिक्षकाचं प्रकरण

अर्धा गुडघा बदललेल्या माणसानं खेळावं का, खेळावं तर काय आणि कधीपासनं, हे विचारलं की आपल्याकडं दोनच उत्तरं मिळतात. एक तर 'आता सगळं बंद', नाहीतर 'काही होत नाही, करा बिनधास्त'. मी धाराशिवमधी फिजिओथेरपी करते आणि ह्या दोन्ही उत्तरांनी बिघडलेले गुडघे माझ्याकडं येत असतात, म्हणून एक प्रकरण पहिल्यापासनं शेवटपर्यंत सविस्तर लिहितेय. पेशंटची परवानगी घेतलीय, नाव-गाव देत नाहीये, ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदललेत. त्यांना इथं नुसतं 'सर' म्हणते, कारण आमच्या क्लिनिकमधी सगळे त्यांना तसंच म्हणतात.

सरांचं वय ५६, माध्यमिक शाळेत क्रीडा शिक्षक, सगळं आयुष्य खो-खोत गेलेलं. आपल्या जिल्ह्यात खो-खो म्हणजे काय हे बाहेरच्यांना पटकन कळत नाही, पण २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारी सारिका काळे ह्याच मातीतली, त्यामुळं इथल्या शाळांत मुली सकाळी सहाला फक्कीनं मैदान आखताना दिसतात आणि कोणाला त्यात काही विशेष वाटत नाही. सर तरुणपणी आक्रमणात पटाईत होते. तिशीत असताना एका सामन्यात खांबाजवळ वळताना डावा गुडघा पिळला, आतल्या बाजूची गादी फाटली, मग दुर्बिणीतनं ऑपरेशन करून फाटलेला तुकडा काढून टाकला. महिना-दोन महिन्यात सर परत मैदानावर, आणि पुढची वीस वर्षं गुडघ्यानं काही तक्रार केली नाही. पण ही गादी, म्हणजे मेनिस्कस, वजन वाटून घ्यायचं काम करते. ती कमी झाली की त्या बाजूच्या हाडावरच्या गुळगुळीत थरावर जास्त ताण येतो आणि तो थर हळूहळू झिजतो. सरांचं तसंच झालं. पन्नाशीनंतर आतल्या बाजूनं दुखायला लागलं, आधी जिना उतरताना, मग मैदानावर एक तास उभं राहिलं तरी, शेवटी शेवटी रात्री कूस बदलतानासुद्धा. तेल झालं, पट्टा झाला, गोळ्या झाल्या, दोन इंजेक्शनं झाली. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, म्हणाल्या, "मॅडम, ह्यांनी शिट्टी वाजवायची पण खुर्चीवर बसून, असं दोन वर्षं चाललंय."

एक्स-रेत आतल्या बाजूला हाडावर हाड टेकलेलं, बाहेरची बाजू मात्र चांगली. इथंच पूर्ण की अर्धा हा प्रश्न येतो.

गुडघ्याचे तीन कप्पे असतात, आतला, बाहेरचा आणि वाटीमागचा. पूर्ण बदलतात तेव्हा आत-बाहेर दोन्हीकडचे पृष्ठभाग काढतात आणि पुढचं लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा पट्टा), म्हणजे एसीएल, बहुतेक वेळा जातं. अर्ध्यामधी फक्त खराब कप्प्याचा पृष्ठभाग बदलतात, एसीएल आणि मागचं लिगामेंट, म्हणजे पीसीएल, दोन्ही जागेवर राहतात. त्यामुळं गुडघ्याची चाल बरीचशी आपल्याच गुडघ्यासारखी राहते, खेळणाऱ्याला त्याचा फायदा मोठा असतो. पण हे कोणालाही करता येत नाही. एसीएल शाबूत पाहिजे, बाहेरचा कप्पा चांगला पाहिजे, पाय बाहेरच्या बाजूला बाक धरून असला तरी हातानं दाब दिल्यावर सरळ व्हायला पाहिजे, आणि गुडघा सरळ करताना साधारण १५ अंशापेक्षा जास्त अडकत असेल तर जमत नाही. सांधेवात, म्हणजे रुमॅटॉइड असेल तर विषयच संपला. सरांची जुनी दुखापत होती म्हणून मला एसीएलची भीती होती, पण सर्जननी हातानं तपासून आणि एमआरआय बघून ते घट्ट असल्याचं सांगितलं.

एका ठिकाणी सरांना सांगितलं गेलं होतं की तुमचं वजन ८४ किलो, वय साठच्या आत आणि तुम्ही खेळणारे, त्यामुळं तुम्हाला अर्धा चालणार नाही, पूर्णच करा. हा नियम आकाशातनं पडलेला नाही. १९८९ साली कोझिन आणि स्कॉट ह्या दोन अमेरिकन डॉक्टरांनी लिहिलं होतं की वय साठच्या वर, वजन ८२ किलोच्या आत आणि फार हालचाल नसलेला पेशंट अर्ध्या गुडघ्यासाठी योग्य. त्यावेळच्या इम्प्लांटचा, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम सांध्याचा, विचार करता ते बरोबरही असेल. पण नंतर ऑक्सफर्डसारख्या ठिकाणी हजारो पेशंटचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला आणि वजन, वय, हालचाल ह्या गोष्टींनी निकाल तेवढा बिघडत नाही असं दिसलं. त्यामुळं आज बरेच सर्जन ते नियम तसेच्या तसे लावत नाहीत. तरी नाण्याची दुसरी बाजू सरांना मी स्पष्ट सांगितली. २०१९ मधी लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात वेगवेगळ्या देशांच्या नोंदींचा हिशोब आला होता, त्यात २५ वर्षांनंतर पूर्ण बदललेले गुडघे साधारण ८२ टक्के टिकलेले होते आणि अर्धे बदललेले ७० टक्के. अर्ध्यामधी परत ऑपरेशनचं प्रमाण जास्त असण्यामागं हेही कारण आहे की तो पूर्णमधी बदलणं तुलनेनं सोपं असल्यानं सर्जन त्याला लवकर हात घालतात. पण ५६ व्या वर्षी करून घेणाऱ्यानं पुढंमागं दुसरं ऑपरेशन लागू शकतं हे धरूनच चालायला पाहिजे. सर म्हणाले, "पंधरा वर्षं मैदानावर उभं राहू द्या, पुढचं पुढं बघू." निर्णय त्यांचा, आणि विचार करून घेतलेला.

मे महिन्याच्या सुट्टीत सोलापूरला ऑपरेशन झालं. इम्प्लांट मोबाइल बेअरिंगवाला, म्हणजे वरचा आणि खालचा भाग धातूचा आणि मधी प्लास्टिकची एक चकती, जी गुडघा वाकवताना थोडी पुढंमागं सरकते. ही चकती पुढं सगळ्या निर्णयात आडवी येणार आहे म्हणून लक्षात ठेवा.

पहिले सहा आठवडे

दुसऱ्याच दिवशी वॉकर घेऊन चालवलं, चौथ्या दिवशी घरी. पहिल्या दोन आठवड्यांत माझं काम तीन गोष्टींपुरतं होतं, सूज उतरवणं, गुडघा पूर्ण सरळ करणं आणि मांडीचा पुढचा स्नायू जागा करणं. वाकवण्याची घाई सगळ्यांना असते, शेजारीपाजारी येऊन विचारतात 'किती वाकायलाय', पण सरळ होणं आधी महत्त्वाचं. गुडघा पाच-दहा अंश वाकलेलाच राहिला तर माणूस आयुष्यभर लंगडतो आणि मांडीचा स्नायू कधीच पूर्ण ताकद लावत नाही. टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून गुडघा खाली सोडायचा आणि मांडी आवळायची, हा व्यायाम सरांनी पंख्याखाली पडून दिवसातनं कितीदा केला असेल त्याला गणती नाही. उन्हाळा आपला, पारा चाळीसच्या वर, त्यात लाईट जायची. बर्फासाठी काकूंनी फ्रीजरमधी पाण्याच्या पिशव्या भरून ठेवल्या होत्या आणि ओल्या टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवायच्या. उघडा बर्फ कातडीवर नको, टाक्यावर तर मुळीच नको.

टाके निघाल्यावर एक दिवस सर काळजीत आले. पेनाचं टोपण घेऊन त्यांनी व्रणाच्या बाहेरच्या बाजूला टोचून दाखवलं, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी जागा बधिर, काहीच कळत नाही. "नस कापली का ओ मॅडम?" हे बऱ्याच जणांना होतं. कातडीची एक बारीक नस त्या चिरेतनं जाते, ती तुटली की तेवढा भाग सुन्न राहतो, हळूहळू कमी होतो, काहींना थोडा कायम राहतो. चालण्याशी, ताकदीशी त्याचा काही संबंध नाही. हे ऑपरेशनच्या आधीच सांगितलं असतं तर बिचाऱ्यांची एक रात्र जागून गेली नसती. तसंच वाकवताना आतनं टकटक आवाज येतो, धातू आणि प्लास्टिकचा, दुखत नसेल तर त्याकडं लक्ष द्यायचं नाही.

घरच्यांना मात्र ह्या काळात काही गोष्टी तोंडपाठ करायला लावल्या होत्या. पोटरी दुखून घट्ट होणं, ताप आणि गुडघा लाल-गरम होणं, जखमेतनं पाणी येणं, दम लागणं, ह्यातलं काहीही झालं तर मला फोन करत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

सहाव्या आठवड्याला गुडघा ११५ अंशापर्यंत वाकत होता, काठी सुटली होती, पण डाव्या मांडीचा घेर उजव्यापेक्षा अडीच सेंटीमीटरनं कमी. हात न लावता खुर्चीवरनं अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं हे बघितलं तर नऊ वेळा, आणि त्यातही सगळा भार उजव्या पायावर. मला इथं थांबून एक गोष्ट सांगायचीय. बहुतेक पेशंट ह्याच टप्प्यावर फिजिओ सोडतात. दुखणं गेलेलं असतं, चालता येतं, नातेवाईक म्हणतात झालं की आता. आणि खरं तर खेळाकडं जायचा रस्ता इथनं सुरू होतो. ऑपरेशनसाठी लोक कर्ज काढतात, जमीन गहाण टाकतात, सरकारनं २०१७ च्या ऑगस्टमधी गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर मर्यादा घातली तेव्हापासनं थोडा दिलासाही मिळालाय, पण पुढच्या सहा महिन्यांच्या व्यायामाचा खर्च आणि वेळ कोणी हिशोबातच धरत नाही. मला वाटतं सर्जननी ऑपरेशनची तारीख देतानाच हे लिहून द्यायला पाहिजे.

शाळा, सायकल आणि पाट

जुलैत सर शाळेत हजर झाले. स्कूटर सहा आठवड्यांनंतर सर्जननी पाहून परवानगी दिली तेव्हाच, कारण गाडी उभी करताना आणि अचानक पाय टेकवताना डाव्या पायानं झटका सोसायला पाहिजे. मैदानावर उभं राहायचं पण सलग नाही, असं ठरलं.

मग सायकल. घरात मुलाची जुनी सायकल होती ती स्टँडवर लावून आधी जागेवर, सीट वर घेऊन, नंतर रस्त्यावर. सायकलवर माझा भर का, तर बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलच्या टीमनं काही पेशंटच्या कृत्रिम सांध्यातच सेन्सर बसवून प्रत्येक हालचालीला गुडघ्यावर किती भार येतो ते मोजलंय. सपाट चालताना शरीराच्या वजनाच्या साधारण २.६ पट, जिना चढताना ३.२ पट, उतरताना जवळपास ३.५ पट, आणि हलक्या लोडवर सायकल चालवताना फक्त वजनाच्या आसपास. ते सांधे पूर्ण बदललेले होते, पण कुठली हालचाल जड आणि कुठली हलकी हे समजायला ते आकडे पुरेसे आहेत. सरांचं वजन तेव्हा ८१, म्हणजे एक पायरी उतरताना गुडघ्यावर २८० किलोच्या वर. हा आकडा ऐकून सरांनी रात्रीची भाकरी कमी केली, मी काही न सांगता.

ताकदीसाठी मी मशीन वापरलीच नाही. जेवायला बसायचा लाकडी पाट, त्यावर डाव्या पायानं उभं राहायचं आणि उजवी टाच हळू जमिनीला टेकवायची, परत वर. पाटासमोर मी फक्कीची एक सरळ रेघ मारली होती आणि गुडघा त्या रेघेच्या वर राहायला पाहिजे अशी अट. पहिल्या दिवशी डावा गुडघा थरथरत आतल्या बाजूला कलंडला, कंबर एका बाजूला लटकली. ह्यात नुसता मांडीचा दोष नव्हता, नितंबाच्या बाजूचा स्नायू झोपलेला होता. दोन वर्षं दुखणारा पाय वाचवत चालल्यावर हे होणारच. मग रबरी पट्टा पायाला बांधून आडवं चालणं, एका पायावर टाचा उचलणं, भिंतीला पाठ लावून अर्धं बसणं. सरांना हे सगळं मुलांकडनं करून घ्यायची सवय, स्वतः करताना मात्र ते फार मनापासनं करायचे, शाळेतल्या मुलीच मग उलट त्यांचे आकडे मोजायच्या.

व्यायाम वाढवायचा की नाही ह्यासाठी एकच कसोटी ठेवली होती. करताना दुखणं दहापैकी तीनच्या वर नको, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर गुडघा आदल्या दिवशीपेक्षा जास्त सुजलेला किंवा आखडलेला नको. सकाळचा गुडघा बरा असेल तर थोडं वाढवा, तसाच असेल तर तेवढंच, फुगला असेल तर एक पायरी खाली या. किती महिने झाले, एक्स-रे कसा आहे, शेजारचे अण्णा कधी धावायला लागले, ह्या सगळ्यापेक्षा मी सकाळच्या गुडघ्याला जास्त मान देते.

तीन महिन्यांनी १२५ अंश, अर्ध्या मिनिटात तेरा वेळा उठणं, सपाट रस्त्यावर रोज सहा-सात किलोमीटर चालणं. नडगीच्या वरच्या आतल्या भागात, सांध्याच्या किंचित खाली, कधीमधी ठणकायचं. तिथलं हाड नव्या भाराला सरावत असतं आणि हे दुखणं सहा महिने, कधी वर्षभरसुद्धा राहतं. पण म्हणूनच पहिल्या काही महिन्यांत उड्या आणि धावणं मी करू देत नाही. त्या जागी हाडाला भेग जाण्याचा धोका अर्ध्या गुडघ्यात असतो, आणि तसं झालं तर आतापर्यंतच्या सगळ्या कमाईवर पाणी.

कोजागिरीला तुळजापूर

पाचव्या महिन्यात कोजागिरी आली. त्या पौर्णिमेला आपल्या भागातनं, सोलापूरकडनं, कर्नाटकातनं माणसं चालत तुळजापूरला जातात, सरांचं घरही दरवर्षी जाणारं. धाराशिव ते तुळजापूर वीस-बावीस किलोमीटर. गुडघा सुधारला की चालत येईन असा नवस सरांनी ऑपरेशनच्या आधीच बोललेला, हे मला नंतर कळलं. ते रात्री निघाले, अर्धी वाट अनवाणी, आणि पहाटे मंदिरात पोचल्यावर महाद्वारातनं खाली उतरणाऱ्या सगळ्या पायऱ्या गर्दीत ढकलाढकली सोसत उतरले. दर्शन छान झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंचा फोन, "मॅडम, गुडघा ह्येवढा टम्म झालाय."

तपासलं तेव्हा गुडघा गरम, वाटीच्या वरच्या बाजूला पाणी साठलेलं, वाकणं ९५ वर आलेलं, नडगीच्या आतल्या भागात दाबल्यावर दुखत होतं. ताप नाही, पोटरी मऊ, पायावर वजन घेता येत होतं, गुडघा अडकत नव्हता. तरी हाडाची शंका मनात होती म्हणून त्याच दिवशी एक्स-रे काढून सर्जनकडं पाठवला. इम्प्लांट जागेवर, भेग नाही. मग चालणं घरापुरतं, बर्फ, पाय उंच, काही दिवस परत काठी, आणि सूज उतरेल तशी सायकल, हलक्या पायानं. साधारण तीन आठवडे मागं गेलो आम्ही.

सरांना खूप वाईट वाटलं होतं. पण मी नवसाबद्दल एक शब्द बोलले नाही आणि बोलायला पाहिजे असं मला वाटतही नाही. आईच्या दर्शनाला जायचं नाही असं मराठवाड्यातल्या माणसाला सांगून काही उपयोग नाही, आणि सांगूही नये. त्याऐवजी गणित मांडलं. रोज सात किलोमीटर चालणारा पाय एका रात्रीत बावीस चालला, तेही बुटाशिवाय, आणि दमलेल्या स्नायूंवर शेवटी पायऱ्या उतरण्याचं सगळ्यात जड काम आलं. उद्या परत जायचं असेल तर दोन-अडीच महिने आधीपासनं आठवड्याला एक लांब चाल थोडी थोडी वाढवत न्यायची, पायात बूट, अनवाणी फक्त शेवटचा टप्पा, आणि उतरताना कठड्याला हात. जुन्या माणसांनी सांगितलेला पायऱ्यांचा नियमही सरांना तेव्हाच दिला, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी.

आणि नवस ही गोष्ट आता मी प्रत्येक पेशंटला आधीच विचारते. पायी वारी आहे का, परिक्रमा आहे का, घरात लग्न आहे का जिथं पंगतीत मांडी घालून बसावं लागेल. मधुमेह-बीपी विचारतो तसंच हेही विचारायला पाहिजे.

खो-खो तोडून बघितला

सरांची खरी इच्छा जानेवारीतल्या सामन्याची होती. शाळेच्या माजी खेळाडूंचा सामना दरवर्षी होतो आणि सर त्यात खेळतात. त्या जानेवारीपर्यंत आठ महिने होणार होते. 'खो-खो खेळू का' ह्या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर देणं मला पटत नाही, म्हणून आम्ही दोघं मैदानावर गेलो आणि खेळ तुकड्यात तोडून बघितला.

चौकातली बैठक पहिली. पाय खाली दुमडलेले, गुडघा जवळपास पूर्ण वाकलेला, शरीर पुढं झुकलेलं, आणि पाठीवर खो मिळाला की त्याच स्थितीतनं वळून झेप. इथं ती चकती आडवी आली. मोबाइल बेअरिंगमधी चकती जागेवरनं सटकणं हा ठराविक धोका आहे आणि जपान-कोरियासारख्या जमिनीवर बसणाऱ्या लोकांमधी तो जास्त नोंदवला गेलाय. खोल वाकून, भार घेऊन, वर पीळ देऊन झटक्यात उठायचं, ह्यापेक्षा वाईट स्थिती मला त्या चकतीसाठी सुचत नाही. सर्जनचंही मत तेच पडलं. बैठक बंद, कायमची.

सूर मारणं आणि खांबावर झेप घेणं, गुडघ्यावर आपटण्याचा धोका उघड आहे, तेही बंद. संरक्षणात हुलकावणी देत धावणं, म्हणजे अचानक थांबणं, एका पायावर दिशा बदलणं. ह्यावर सरांनी माझ्याशी बराच वाद घातला, "मॅडम, संरक्षणाला बसावं लागत नाही की, उभ्याउभ्यानं खेळतो मी." वाद चुकीचा नव्हता. एसीएल आहे, स्नायू तयार होतायत, आणि ऑपरेशननंतर जोमाचे खेळ खेळणारे लोक जगात आहेत. पण जॉगिंगलाच भार वजनाच्या चौपटीवर जातो, वरनं मागं विशी-पंचविशीतला आक्रमक धावतोय, तिथं माणूस आपला गुडघा विसरून पळतो. सरांसारखा तर नक्कीच. मी नको म्हणाले, सर्जननी नको म्हटलं, सरांनी दोन दिवस घेतले आणि मान्य केलं.

मग राहिलं काय? पंचगिरी. आणि इथं आम्हाला खरं काम सापडलं. खो-खोचा पंच नुसता उभा नसतो, २७ मीटर लांबीच्या मैदानात मधल्या पाटीच्या बाजूनं खेळाबरोबर सरकत राहावं लागतं, आडवी पावलं, मधीच जलद चाल, मागं सरकणं, नऊ मिनिटांची एक पाळी, थोडी विश्रांती, परत पाळी. हे सगळं त्या गुडघ्याच्या आवाक्यातलं होतं, फक्त तयारी पाहिजे होती. नोव्हेंबरपासनं तेच केलं. फक्कीच्या रेघेवर आडवी पावलं, आधी हळू मग शिट्टीवर, मग आठ-दहा पावलांची जलद चाल आणि दोन पावलांत थांबणं, एकदम ब्रेक नाही. काळ्या मातीचं मैदान पावसानंतर वाळलं की भेगा पडतात आणि ढेकळं होतात, त्यात पाय मुरगळायची भीती, म्हणून सराव आधी सिमेंटच्या बास्केटबॉल कोर्टवर चांगले बूट घालून आणि नंतर रोलर फिरवलेल्या मैदानावर. पाटावरची टाच आता न थरथरता टेकत होती, गुडघा रेघेवर. अर्ध्या मिनिटात सतरा वेळा उठणं, मांडीचा फरक एक सेंटीमीटरच्या आत, वजन ७८.

जानेवारीत सरांनी दोन सामन्यांना पंच म्हणून काम केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच फोन केला. गुडघा थोडा जड होता, सूज नव्हती, संध्याकाळपर्यंत मोकळा. त्याच महिन्यात दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आपल्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी तो जिंकला. सरांनी शाळेत मुलींना टीव्हीवर सामने दाखवले आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळेला खो-खोच खेळायचा होता. इतक्या मुलांना एकटे शिकवताना ते पाचही तास उभे होते, हे मला काकूंकडनं कळलं, आणि सकाळचा गुडघा तरीही बरा होता.

आता वर्ष उलटून गेलंय. आठवड्यातनं तीन-चार दिवस सायकल, रविवारी लांब चाल, संध्याकाळी क्रीडा संकुलात बॅडमिंटन, फक्त डबल्स, आणि जोडीदाराला आधीच सांगून ठेवलंय की नेटजवळचे खोल वाकायचे शॉट त्याचे. बैठक शिकवताना सर स्वतः करून दाखवत नाहीत, आठवीतली एक मुलगी दाखवते आणि सर शेजारी उभं राहून तिच्या टाचा, गुडघे, हाताची जागा सांगत जातात. जमिनीवर मांडी घालून बसणं अधूनमधून, थोडा वेळ, उठताना हाताचा आधार घेऊन चालतं, वज्रासन नाही. घरात कमोड बसवलाय.

पुढचं बघायचं ते असं. सर्जनकडं वर्षातनं एकदा एक्स-रे, दुखत नसलं तरी. अचानक खटकन आवाज होऊन गुडघा अडकला किंवा आतल्या बाजूला नव्यानं तीव्र दुखलं तर खेळ तिथंच थांबवून दाखवायचं. आणि उजवा गुडघा. त्यातही आतल्या बाजूला झीज सुरू झालेली एक्स-रेत दिसतेय, अजून दुखत नाहीये. त्याच्यासाठी पाटावरचे व्यायाम आता दोन्ही पायांनी चालू केलेत, वजन ७५ च्या आत आणायचं ठरलंय, आणि ह्या कोजागिरीच्या चालण्याची तयारी श्रावणातच सुरू करायचीय.